बारा गुलाब, तेरा ज्याअर्थी

७ जुलै १९८५

ती. एल्झेताईस,

येशूची स्तुती असो. (तिकडून तू "युगानुयुगे असो" म्हणालीस असं मी धरून चालते. ॲडलेडहून ऐकू यावं इतके माझे कान आता चांगले राहिले नाहीत.) तुझी कंबर कशी आहे? भावोजींच्या मधमाश्या जगल्या का? तुमच्याकडे जुलैत थंडी पडते हे मला चाळीस वर्षांत एकदाही पटलेलं नाही, तरीपण लोकरीचे मोजे घालत जा. माझा डावा गुडघा जिना चढताना कुरकुरतो आणि उतरताना शिव्या देतो, बाकी मी ठणठणीत आहे. चुलत बहिणींत वयाने तू मोठी, म्हणून नमस्कार तुला आधी. भावोजींना मात्र सांग की गेल्या नाताळात त्यांनी पाठवलेल्या मधाची बाटली फुटलेली आली आणि आमचा पोस्टमन अजून माझ्याकडे त्याच नजरेने बघतो.

तू विचारलं होतंस की यंदाचा १४ जून कसा झाला. ताई, खुर्ची ओढून बस. तुला माहीत आहे की इथे अमेरिकेत दर वर्षी आमच्या राज्याची विधानसभा त्या तारखेला एक ठराव करते. लिथुएनिया, लाटविया आणि एस्टोनिया हे तीन देश रशियाने गिळलेले आम्हाला मान्य नाहीत, सबब आजचा दिवस त्यांच्या स्वातंत्र्याचा दिवस म्हणून पाळावा, असं त्यात असतं. पाळावा म्हणजे काय करावं हे त्यात लिहिलेलं नसतं. मी दहा वर्षं जाते आहे, मला अजून कळलेलं नाही. शाळा चालू असतात, दुकानं चालू असतात, आणि मॉस्कोतही त्या दिवशी कोणाच्या चहात साखर कमी पडल्याचं ऐकिवात नाही.

पण यंदा मी नुसती मिरवायला गेले नव्हते, कामाला गेले होते. आपली स्तासे. (भावोजी शेजारी बसून ऐकत असतील तर त्यांना सांग, माझी धाकटी बहीण, जिला त्याच तारखेला एकेचाळीस साली आईवडिलांसकट गुरांच्या डब्यात घालून सायबेरियात नेलं, आणि जी पंधरा वर्षांनी एकटी परत आली.) ती आता त्रेसष्ट वर्षांची आहे, पानेवेझिसला एका खोलीत राहते, आणि तिचं हृदय आता खोकल्यालाही दमतं. डॉक्टर म्हणाला, प्रवास करायचा असेल तर याच वर्षी, हिवाळ्याआधी. म्हाताऱ्यांना आता सोडतात म्हणे, इथून नात्यातल्या माणसाचं निमंत्रण गेलं तर. पण निमंत्रण जातं सोविएत वकिलातीच्या फॉर्मवर. आणि त्या फॉर्मवर माझा जन्म कुठल्या देशात झाला असं विचारलेलं असतं, आणि तिथे त्यांना "सोविएत युनियन" हे एकच उत्तर चालतं. ते मी लिहावं? मी? बेकरीवाली पेत्रोने त्यांचा व्हिसा घेऊन गावी जाऊन आली म्हणून जिने तिला चर्चच्या गायकमंडळातून काढायला लावलं, त्या बाईने? (तूच लिहिलं होतंस, तिचं तोंड पाहू नकोस. तीन वर्षं पाहिलेलं नाही. ब्रेड मी पोलिश माणसाकडून आणते आणि तो भुशासारखा असतो.) तो फॉर्म मी चिमट्यानेही उचलणार नाही. म्हणून मी ठरवलं की सरळ आमदारालाच धरायचं. गेल्या वर्षी त्यानेच माझा हात दोन्ही हातांत घेऊन सांगितलं होतं की बाई, माझ्यासारखं काही काम असेल तर सांगा. आता, असं म्हणणाऱ्या माणसाला कोणी खरंच काही सांगत नसतं हे मला कळायला हवं होतं.

तर सकाळी सहा वाजता चर्चपुढून बस सुटली. आम्ही लिथुएनियन बावीस, लाटवियाचे नऊ, एस्टोनियाचे चार. (एस्टोनियाचे नेहमी चारच असतात, पण वेळेवर असतात.) आमचे अध्यक्ष झिग्मास, दातांचे डॉक्टर, पुढे उभे राहून सूचना देत होते. या माणसाला समोरच्याचं तोंड उघडं आणि कापसाने भरलेलं असल्याशिवाय बोलायची सवय नाही, त्यामुळे कोणी उत्तर दिलं की ते दचकतात. सूचना अशी की बायकांनी राष्ट्रीय पोशाखातच राहावं, फोटो आहे. राष्ट्रीय पोशाख म्हणजे लोकरीचा घेरदार झगा, लोकरीचं जाकीट, डोक्याला चार हात तागाचं कापड आणि गळ्यात अंबरच्या पिवळ्या खड्यांच्या माळा. बसमधली गार हवा बंद पडलेली. आपल्या आज्यांनी हा पोशाख बर्फासाठी काढला होता, तो मी जून महिन्यात मक्याच्या शेतांमधून तीन तास घालून बसले. स्वातंत्र्यासाठी घाम गाळला असं म्हणतात तो मी गाळला आहे, चुलीवरच्या पातेल्यासारखा.

विधानसभा संगमरवरी, आत थंडगार. तेवढ्यासाठी तरी माझं त्या इमारतीबद्दल मत बरं आहे. आम्हाला गॅलरीत बसवलं आणि सांगितलं की तुमचा नंबर येईल. आमच्या आधी कुठल्याशा तालुक्याच्या शाळेच्या बास्केटबॉलच्या पोरींचं अभिनंदन झालं. मग चेरीच्या पायचा आठवडा मंजूर झाला. त्यावर चर्चा झाली, ताई. एक जण उठून म्हणाला की आमच्याकडची चेरी आंबट असते आणि तीच खरी, दुसरा उठून म्हणाला की सन्माननीय सदस्यांनी आमच्याकडची खाल्लेली नाही. वीस मिनिटं चाललं. मग आमचं निघालं.

हे ठराव कसे लिहितात ते तुला ठाऊक नसेल. सगळं "ज्याअर्थी"ने सुरू होतं. ज्याअर्थी ही तीन राष्ट्रं प्राचीन आहेत. ज्याअर्थी त्यांची भाषा, संगीत आणि भरतकाम थोर आहे. ज्याअर्थी त्यांच्यावर अन्याय झाला. ज्याअर्थी आमच्या राज्यात त्यांचे कष्टाळू वंशज राहतात (आणि मतं देतात, हे लिहीत नाहीत). असे तेरा ज्याअर्थी मी बोटांवर मोजले. तेरा पायऱ्या चढून माणूस वर जातो, श्वास रोखून बघतो, तर वर एकच "त्याअर्थी": त्याअर्थी असा ठराव करण्यात येतो की या ठरावाची एक प्रत शिष्टमंडळाला देण्यात यावी. संपलं. म्हणजे ठराव कशाचा, तर ठरावाच्या प्रतीचा.

आणि वाचणारा कारकून काय वाचतो, तर "गेली त्रेचाळीस वर्षं पारतंत्र्यात असलेली". मी झिग्मासांना कोपर मारलं. म्हटलं, डॉक्टर, चाळीस साली गिळलं, यंदा पंचेचाळीस झाली. ते खाली वाकून कुजबुजले, "मोर्ताबाई, मागच्या वर्षीचाच कागद आहे, तारीख तेवढी बदलतात. गप्प बसा, रेडिओवाले आहेत." मागच्या वर्षीचाही नव्हे, त्र्याऐंशी सालचा. म्हणजे या राज्यापुरती आपली गुलामगिरी दोन वर्षं थांबूनच आहे म्हण. स्तासेला कळवलं तर तिला बरं वाटेल. खाली सभागृहात एक जण पेपर वाचत होता, एक जण नखं कापत होता, आणि "अनुकूल असतील त्यांनी हो म्हणा" म्हटल्यावर सगळे इतक्या प्रेमाने "हो" म्हणाले की विरोधात एक तरी हवा होता असं मला वाटलं. विरोध करायला निदान ऐकावं तरी लागतं.

मग आमदार प्रेस्टन यांच्या दालनात सत्कार. हे आमचे आमदार, गोरेपान, दात फार चांगले (झिग्मास त्यांच्याकडे बघत नाहीत, त्यांच्या दातांकडे बघतात). खायला हॅमची सँडविचेस ठेवली होती, आणि दिवस शुक्रवार. आता पोपने कितीही सूट दिली असली तरी तू आणि मी शुक्रवारी मांस खाऊ का? आम्ही बावीस कॅथलिक उपाशी उभे राहिलो आणि एस्टोनियाच्या चार लुथरन लोकांनी, तोंडातून एक शब्द न काढता, ते ताट साफ केलं. त्यांच्यातले हेनो म्हणून एक म्हातारे आहेत. दहा वर्षांत मी त्यांचा आवाज ऐकलेला नाही. त्यांनी एकट्याने सात खाल्ली.

आणि मग तो प्रकार झाला. प्रेस्टनसाहेब हसत हसत पुढे आले आणि मी सगळ्यात घेरदार दिसत होते म्हणून माझ्या हातात गुलाबांचा गुच्छ दिला. लाल, लांब देठांचे, एक डझन. ताई, बारा. तुला मी काय सांगायचं? विषम फुलं जिवंत माणसाला, सम फुलं कबरीवर, हे आपल्याकडे पाळण्यातल्या पोराला कळतं. आणि लाटवियातही तेच, एस्टोनियातही तेच. या तीन देशांचं पाऊणशे वर्षांत जर कशावर एकमत झालं असेल तर ते यावर. पस्तीस जणांच्या नजरा त्या गुच्छावर गेल्या, पस्तीस ओठ मनातल्या मनात मोजायला लागले आणि बारावर येऊन थांबले. आमच्या स्वातंत्र्यदिनी सरकारने आम्हाला मयताची फुलं दिली होती. फोटोवाला म्हणत होता, हसा, हसा. त्या माणसाला काय वाटलं असेल देव जाणे, पस्तीस लोक तिरडी उचलायला आल्यासारखे उभे.

तेवढ्यात हेनो पुढे आले, गुच्छातला एक गुलाब उपसला आणि आपल्या कोटाला लावला. अकरा. सगळ्यांचा श्वास सुटला. मी त्या म्हाताऱ्याच्या पाया पडले असते. पण प्रेस्टनसाहेबांना वाटलं ही आपली काहीतरी सुंदर रीत आहे. "काय छान परंपरा," म्हणाले, आणि त्यांनीही एक उचलून लावला. दहा. पुन्हा मयत. लाटवियाच्या मिल्डाबाईंनी झटकन एक घेतला, नऊ. तर साहेबांची सेक्रेटरी डोना म्हणाली, अय्या मला पण, आठ. झिग्मासांनी दात विचकत एक ओढला, सात. फोटोवाल्याला वाटलं राहायला नको, सहा. आता घेणारं कोणी उरलं नाही, आणि मी सहा गुलाब धरून घामाघूम. शेवटी दाराशी कुठल्यातरी माजी राज्यपालाचा अर्धपुतळा होता, त्याच्या कॉलरीत मी एक खोचला. पाच. प्रेस्टनसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या वर्षी हे सगळं चौदावं "ज्याअर्थी" म्हणून ठरावात येईल, बघ.

या गोंधळात मी साहेबांना कोपऱ्यात गाठलं. म्हटलं, मला दिवस नको, आठवडा नको, एक पत्र हवं. माझी बहीण आजारी आहे, तिला मॉस्कोने सोडावं म्हणून तुमच्या शिक्क्याचं चार ओळींचं पत्र. त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. माझा हात दोन्ही हातांत घेतला. (तेव्हाच मी समजले.) म्हणाले, डोना बघेल. आणि डोनाने बघितलं. मुलगी वाईट नाही, तिने ठराव पुढे ओढला, नवव्या ज्याअर्थीवर बोट ठेवलं आणि समजावून सांगितलं. "हे बघा आजी, तुमचा देश रशियाने घेतला हे आम्ही मानतच नाही ना? मग तुमच्या बहिणीसाठी रशियाला पत्र कसं लिहिणार? लिहिलं म्हणजे मानल्यासारखं होईल." म्हटलं, मग लिथुएनियाच्या सरकारला लिही. ती म्हणाली, ते सध्या तिथे नाहीये ना. म्हटलं, बाळा, मग आम्ही राहतो कुठे? ती ठरावात शोधायला लागली.

म्हणजे बघ, ज्यांनी आपल्याला गिळलं ते म्हणतात तुम्ही आमचे, म्हणून सोडणार नाही. आणि ज्यांना हे मान्य नाही ते म्हणतात, आम्हाला मान्य नाही म्हणून विचारणार नाही. मधल्यामध्ये माझी बहीण एका खोलीत खोकते आहे. एवढ्यावर थांबली असती तर ठीक, पण डोनाला काहीतरी करायचंच होतं. ती म्हणाली, आपण तुमच्या बहिणीच्या नावाने ठरावाची एक प्रत काढू, सोनेरी शिक्का लावू, फ्रेम करू आणि थेट तिच्या पत्त्यावर पाठवू. पानेवेझिसला. पोस्टाने. जिथे आमची साधी पत्रंसुद्धा आमच्याआधी दुसरं कोणी वाचतं, म्हणून तीस वर्षं आम्ही दोघी एकमेकींना हवा आणि बटाटे यापलीकडे काही लिहीत नाही. म्हटलं, मुली, फ्रेम नीट जाड लाव, तिला सायबेरियात भिंतीवर टांगायला होईल. तिने ते लिहून घेतलं, आणि तो कागद तिच्या हातातून ओढून घ्यायला मला माझ्या वयाला न शोभणारी घाई करावी लागली.

झिग्मासांनी हे सगळं ऐकलं होतं. परतीच्या बसमध्ये ते माझ्याजवळ येऊन बसले आणि हळू आवाजात झाडायला लागले. आपण इथे राष्ट्राचा प्रश्न घेऊन येतो बाई, घरगुती कामं घेऊन नाही. मॉस्कोपुढे हात पसरायची भाषा तुमच्या तोंडी? समितीच्या उपाध्यक्षा तुम्ही. लोक काय म्हणतील? मी म्हटलं, डॉक्टर, एकेचाळीस साली त्यांनी राष्ट्राला डब्यात घातलं नव्हतं, स्तासेला घातलं होतं. ते म्हणाले, भावना समजतात. दात उपटण्याआधीही ते हेच म्हणतात.

मग मी खिडकीकडे तोंड करून बसले आणि मक्याची शेतं बघत रडले. तुला सांगायला लाज कसली. ते पाच गुलाब मांडीवर होते. मला ती तेरा जूनची संध्याकाळ आठवत होती. मी तुझ्याकडे तुझा लग्नाचा झगा शिवायला आले होते, आणि तू म्हणालीस बाह्या खांद्यावर फुगतात. संध्याकाळ झालेली, मला घरी जायचं होतं, स्तासे वाट बघत होती. तू हट्ट धरलास, उसव, पुन्हा घाल. मी मनातून तुला लाखोली वाहत उसवायला बसले आणि तिथेच झोपले. सकाळी घरी गेले तर दार उघडं, ओट्यावर पीठ भिजवलेलं, आणि कोणी नाही. मी तुझ्या दोन बाह्यांमुळे वाचले, ताई. हे मी तुला कधी म्हटलं नव्हतं, कारण म्हटलं की लगेच पुढचं वाक्य तोंडात येतं, की ती त्या बाह्यांमुळे माझ्याशिवाय गेली.

असो. तर यंदाचा दिवस असा पार पडला. ठरावाची प्रत माझ्या फ्रिजवर चुंबकाने लावलेली आहे, खाली विजेचं बिल अडकवायला बरी पडते. तू काळजी करू नकोस, मी तत्त्वाला चिकटून आहे, आणि तो फॉर्म माझ्या घरात शिरणार नाही. भावोजींना नमस्कार. मोजे घाल.

तुझीच,
मोर्ता

ता. क. : फॉर्म घरात आहे. ईस्टरपासून आहे. पहिल्यांदा मी जन्मदेशाच्या चौकोनात लिथुएनिया लिहिलं, तो परत आला. दुसऱ्यांदा चौकोन रिकामा ठेवला, तोही परत आला, ठरावाच्या आदल्याच दिवशी. म्हणून तर आमदाराला धरायला गेले होते.

ता. क. २ : बसमधून उतरले ती पाच गुलाब आणि पिशवीतला तो फॉर्म हातात घेऊन सरळ पेत्रोनेच्या बेकरीत गेले. तिने आधी फुलं मोजली, मग माझ्याकडे बघितलं. मी काही बोलायच्या आत काउंटरखालून पेन काढलं आणि म्हणाली, "बस. पटकन लिहायचं असतं. औषध पितो तसं. विचार केला की हात थांबतो." मी लिहिलं, ताई. माझ्या हाताने. तेच दोन शब्द, त्या चौकोनात, चौदा जूनला. मला वाटलं होतं हात जळेल. जळला नाही. पेत्रोनेने त्यावर मला काळा ब्रेड दिला, आणि तीन वर्षं मी भुसा खात होते हे पहिल्या घासाला कळलं. उपाध्यक्षपदाचा राजीनामा झिग्मासांना दिला आहे. त्यांचं तोंड उघडंच राहिलं, आणि या वेळी कापूसही नव्हता.

ता. क. ३ : आता खरं काम. आमच्या जन्माचे कागद जळले आणि लग्नानंतर आडनावं वेगळी, तेव्हा आम्ही सख्ख्या बहिणी आहोत हे जिवंत नातेवाइकाने लिहून द्यावं लागतं. जिवंत अशी एक चुलत बहीण तूच आहेस. कागद सोबत जोडला आहे, खाली फुली केली आहे तिथे सही कर. वर तुझ्याही जन्मदेशाचा चौकोन आहे. रिकामा ठेवू नकोस, माझा अनुभव सांगते. तू मला यानंतर पेत्रोनेच्या रांगेत बसवलंस तरी चालेल, तिथे ब्रेड चांगला मिळतो. फक्त सही ऑगस्टच्या आत पाठव. स्तासेचं पत्र कालच आलं. हवा आणि बटाटे झाल्यावर खाली एकच ओळ जास्त आहे, की आपण भेटलो की सगळ्यात आधी विचारीन, एल्झेच्या बाह्या शेवटी नीट बसल्या का. मी बसून फार आठवलं, मला आठवत नाही. त्या रविवारी तुझ्या लग्नात कोणी बघितलंच नव्हतं.